ब्रेकिंग बॅड आणि बेटर कॉल सॉल पहिल्यांदाच बघताय? मग असं बघा

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा मेसेज आला, दादा मी आज रात्री बेटर कॉल सॉल चालू करतेय, ती गोष्ट आधीची आहे ना, म्हणून ती आधी बघते आणि मग ब्रेकिंग बॅड. मी मेसेज टाइप करत बसलो नाही, सरळ फोन लावला आणि म्हटलं थांब, प्ले दाबू नकोस. मग जवळजवळ पाऊण तास बोललो, आणि ठेवताना वाटलं की हे सगळं एकदा लिहूनच काढावं कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. तर हे घ्या. यात मोठे स्पॉयलर नाहीत, कोण मरतं कोण वाचतं असलं काही सांगणार नाही, सुरुवातीची मांडणी आणि काही छोट्या खुणा तेवढ्या सांगतो.

दोन्ही अमेरिकन टीव्ही सिरीज आहेत. आधी क्रम. ब्रेकिंग बॅड पूर्ण, मग एल कामिनो हा सिनेमा, मग बेटर कॉल सॉल. दोन्ही सिरीज ज्या क्रमाने सुरू झाल्या त्याच क्रमाने, फक्त नंतर आलेला सिनेमा मध्ये घ्यायचा. ब्रेकिंग बॅड २० जानेवारी २००८ ला सुरू होऊन २९ सप्टेंबर २०१३ ला संपलं, पाच सीझन, ६२ एपिसोड. एल कामिनो ऑक्टोबर २०१९ मध्ये आला, दोन तासांचा. आणि बेटर कॉल सॉल ८ फेब्रुवारी २०१५ ते १५ ऑगस्ट २०२२, सहा सीझन, ६३ एपिसोड. सॉल नावाच्या वकिलाची ही गोष्ट २००२ मध्ये सुरू होते, म्हणजे कॅलेंडरप्रमाणे ती आधीचीच, पण ती लिहिलीये ब्रेकिंग बॅड बघून झालेल्या माणसासाठी. पहिल्याच एपिसोडचा पहिला सीन ब्रेकिंग बॅड संपल्यानंतरचा आहे! तो सीन न कळता पुढे गेलात तर नुसता एक टकला मिशीवाला माणूस दुकानात बन भाजताना दिसेल आणि तुम्ही म्हणाल हे काय चाललंय. ज्याने आधीचं बघितलंय त्याच्या मात्र पोटात कालवतं.

गोष्ट थोडक्यात सांगतो, ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की नावाचं गाव आहे, तिथे वॉल्टर व्हाइट नावाचा शाळेत केमिस्ट्री शिकवणारा मास्तर, पन्नाशीचा, त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर निघतो आणि घरच्यांसाठी पैसे ठेवून जायचे म्हणून तो आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला, जेसीला, हाताशी धरून मेथ नावाचा ड्रग बनवायला लागतो. मेव्हणीचा नवरा हँक हा ड्रगवाल्यांना पकडणाऱ्या खात्यातच नोकरीला. एवढंच पुरे. ही सिरीज ज्याने रचली त्या व्हिन्स गिलिगनने हे आधी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावात घडतंय असं लिहिलं होतं, न्यू मेक्सिकोत शूटिंगला टॅक्समध्ये सवलत मिळत होती म्हणून सगळं अल्बुकर्कीला आलं आणि माझ्या मते या सिरीजच्या बाबतीत घडलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच, कारण ते उजाड माळरान आणि ते भलंमोठं आकाश काढून टाकलं तर निम्मी मजा जाईल.

म्हणूनच पहिली विनंती, मोबाईलवर बघू नका. लोकलमध्ये, बसमध्ये, जेवताना ताटाशेजारी फोन टेकवून, असं अजिबात नको. यातल्या कॅमेऱ्याला माणसं लांबून दाखवायची आवड आहे, अख्ख्या फ्रेममध्ये वाळवंट आणि कोपऱ्यात मुंगीएवढी दोन माणसं, ते सहा इंचावर दिसणारच नाही. टीव्ही असेल तर टीव्ही, नाहीतर लॅपटॉप तरी घ्या, दिवे बंद करा. सबटायटल चालू ठेवा, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी ठेवा, कारण अल्बुकर्कीच्या बोलण्यात अर्धी वाक्यं पुटपुटलेली असतात आणि मेक्सिकोतली मंडळी आपापसात स्पॅनिश बोलतात. स्पीड नॉर्मल. दीडपट स्पीडवर बघणारी माणसं मला माहीत आहेत, त्यांना मी हात जोडून सांगतो, यातल्या गप्प बसण्यालाही अर्थ आहे, तो पळवू नका.

पुढचा एपिसोड आपोआप चालू होतो ते सेटिंग बंद करून टाका. एपिसोड संपला की निदान नावं वर जाईपर्यंत तरी बसा, शेवटचा सीन डोक्यात मुरू द्या. रोज रात्री एक एपिसोड हा माझा हिशोब, फार तर दोन. दोन्ही मिळून १२५ एपिसोड होतात, म्हणजे रोज एक धरला तर चार महिने. ऐकायला जास्त वाटतं पण जेव्हा हे प्रसारित होत होतं तेव्हा लोक आठवडा आठवडा थांबायचे आणि सीझनच्या मध्ये तर वर्ष वर्ष. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चौथा सीझन दोन रात्रीत संपवला आणि आज त्यातलं पहिल्या फेरीचं मला धड काहीच आठवत नाही, जे आठवतं ते दुसऱ्या वेळचं.

आणि सर्च करू नका! हे अगदी मनापासून सांगतोय. एक छोटा रोल करणारा नट आवडला म्हणून मी त्याच्या पात्राचं नाव टाइप केलं, अजून नाव पूर्णही झालं नव्हतं तर खाली सुचवणीत आलं की अमुक पात्र कोणत्या एपिसोडमध्ये मरतं. दोन सीझन आधी कळलं मला ते. त्यामुळे नटाचं नाव, पात्राचं नाव, गाण्याचं नाव, काहीही शोधायचं असेल तर सगळं संपल्यावर शोधा, तोपर्यंत वहीत लिहून ठेवा. वही खरंच ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला सीझन फक्त सात एपिसोडचा आहे, तेव्हा अमेरिकेत लेखकांचा संप चालू होता त्यामुळे नऊचे सात झाले. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या एपिसोडला सोडतात, म्हणतात स्लो आहे, किंवा त्यातलं काही बघवलं नाही. बघवत नाही हे मान्य, हिंसा आहे, आणि लहान मुलांसमोर लावायची ही सिरीज नाहीच. पण स्लो म्हणून सोडणार असाल तर सहाव्या एपिसोडपर्यंत थांबा. पहिल्या एपिसोडमध्ये गाडी धुवायच्या दुकानात लोकांची टायरं पुसणारा तो मास्तर सहाव्यात टोपी न घालता, डोकं भादरून, हातात एक पिशवी घेऊन एका भयानक माणसाच्या ऑफिसात जातो, बस. त्यानंतर सोडलंत तर माझी काही तक्रार नाही. गंमत म्हणजे बेटर कॉल सॉललाही हाच नियम लागू पडतो, तिथेही पहिल्या सीझनचा सहावा एपिसोड, म्हाताऱ्या माइकच्या मागच्या आयुष्याचा, तो बघेपर्यंत निर्णय घ्यायचा नाही. माइकचं काम करणाऱ्या जोनाथन बँक्सने त्यात जे केलंय ते बघून मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

पहिल्या एपिसोडपासूनच छोट्या गोष्टींकडे लक्ष द्यायची सवय लावून घ्या. एक सांगतो. वॉल्टरचा पन्नासावा वाढदिवस, सकाळी बायको स्कायलर त्याच्यापुढे अंड्यांची प्लेट ठेवते आणि अंड्यांवर बेकनचे तुकडे ५० या आकड्यात मांडलेले. तेही खरं बेकन नाही, व्हेज, कोलेस्टेरॉल नको म्हणून. तो बिचारा चावतो आणि चेहऱ्यावर काहीच नाही, राग नाही आनंद नाही. अख्खं लग्न, अख्खं आयुष्य त्या एका प्लेटमध्ये दिसतं. आता ही प्लेट लक्षात ठेवा आणि पाचव्या सीझनच्या पहिल्याच सीनला पोचलात की मला आठवा. तसंच कपड्यांचं, वॉल्टर सुरुवातीला कसा मातकट रंगात असतो, भिंतीच्या रंगाचा माणूस, आणि मेव्हणी मॅरीच्या घरात जांभळा सोडून काही दिसतच नाही. टायटलमध्ये नावातली अक्षरं पिरिऑडिक टेबलमधली दाखवतात, ब्रोमीन आणि बेरियम, ज्यांनी दहावीला तो तक्ता पाठ केलाय त्यांना बरं वाटेल.

तिसऱ्या सीझनमध्ये एक माशीचा एपिसोड आहे. लोक सांगतील तो स्किप कर, काही होत नाही त्यात. नका करू स्किप. बजेट कमी पडत होतं म्हणून जवळजवळ एकाच जागेत दोन माणसांवर शूट केलेला तो एपिसोड आहे आणि वॉल्टर झोपेच्या तंद्रीत जे बोलून जातो, आणि जे बोलता बोलता राहतं, ते पूर्ण सिरीजमधलं सगळ्यात दुखरं बोलणं आहे. त्याचा दिग्दर्शक रायन जॉन्सन, आणि पाचव्या सीझनचा चौदावा एपिसोडही त्याचाच. चौदाव्याबद्दल एवढंच, त्या रात्री दुसरं काही ठरवू नका.

आता एक विनंती जी मी प्रत्येकाला करतो, स्कायलरवर राग काढू नका. पहिल्या वेळी बघताना राग येतो हे खरंय, कारण कॅमेरा वॉल्टरच्या खांद्यावर बसलेला असतो आणि ती सारखी आडवी येतेय असं वाटतं. पण एक मिनिट तिच्या जागी उभे राहा ना, पोटात बाळ, एक मुलगा, नवऱ्याला कॅन्सर, आणि नवरा रात्र रात्र गायब आणि तोंडावर खोटं बोलतोय. चाहत्यांनी त्या पात्राचा इतका द्वेष केला की स्कायलरचं काम करणाऱ्या अ‍ॅना गनला २०१३ च्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहावा लागला, लोक पात्रावरून थेट तिच्यावरच घसरले होते. त्याच भूमिकेसाठी तिला दोन एमी, म्हणजे अमेरिकेतले टीव्हीचे मोठे पुरस्कार, मिळाले. हेच पिझ्झाचं, वॉल्टर रागाने पिझ्झा छपरावर फेकतो तो सीन फेमस आहे, तर लोक त्या खऱ्या घरासमोर जाऊन खरे पिझ्झे फेकायला लागले, गिलिगनला स्वतः सांगावं लागलं की बाबांनो बंद करा, आणि शेवटी त्या घरवाल्यांनी कुंपण घातलं. आवड असणं आणि दुसऱ्याला त्रास देणं यात फरक आहे, चाहता म्हणवून घेताना हे पाळा.

वहीचं काम येतं दुसऱ्या सीझनच्या आठव्या एपिसोडला. सॉल गुडमन पहिल्यांदा येतो तो हा एपिसोड, आणि एपिसोडचं नावच बेटर कॉल सॉल. वॉल्टर आणि जेसी तोंडावर मास्क घालून त्याला वाळवंटात खोदलेल्या खड्ड्यापाशी आणतात आणि तो घाबरून बडबडत सुटतो, मी नव्हतो, तो इग्नासिओ होता, आणि मग विचारतो तुम्हाला लालोने नाही पाठवलं? ही दोन नावं वहीत लिहा. इग्नासिओ, लालो. ब्रेकिंग बॅडमध्ये त्यांचा उलगडा होत नाही, तुम्हाला वाटेल उगाच टाकलेली नावं. तो एपिसोड २००९ चा, पीटर गूल्डने लिहिलेला, त्यानेच पुढे गिलिगनबरोबर सॉलची स्वतंत्र सिरीज केली. इग्नासिओ आपल्याला भेटतो २०१५ ला आणि लालो थेट २०१८ ला! नऊ वर्षं आधी घाबरलेल्या माणसाच्या तोंडी टाकलेल्या अर्ध्या वाक्यातून त्यांनी दोन अशी माणसं उभी केली की आता तो जुना सीन लागला की अंगावर काटा येतो.

ब्रेकिंग बॅड संपलं की आठवडाभर थांबा. एल कामिनो बघा, तो जेसीचा निरोप आहे, शांतपणे बघायचा. आणि मग सॉल सुरू करताना डोकं बदला. हीच सगळ्यात मोठी चूक होते, लोक पुन्हा तोच थरार शोधत येतात आणि इथे तर एक फाटका वकील, जिमी मॅकगिल, जो पुढे सॉल गुडमन होतो, ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत ऑफिस थाटून बसलेला, गाडी पिवळी आणि एक दार लाल. गाडीचं नाव सुझुकी एस्टीम. नाव ऐकून आपल्याला आपली मारुती एस्टीम आठवते पण ती ही नव्हे, आपल्याकडे जी जुनी बलेनो सेडान यायची ना, ती ही. माझ्या काकांकडे होती, त्यामुळे जिमी त्या गाडीत बसला की मला तिच्या सीटचा वाससुद्धा येतो.

बेटर कॉल सॉल ही मुळात भाऊबंदकीची गोष्ट आहे, असं समजून बघा, लगेच दार उघडेल. मोठा भाऊ चक, नावाजलेला वकील, फर्मचा भागीदार, आणि धाकटा जिमी, जन्मभर टोप्या घालत आलेला, आता सुधारायला निघालेला. चकला वाटतं की विजेने त्याला त्रास होतो, म्हणून घरात दिवे नाहीत, कंदील लावून बसतो, आणि आत जाणाऱ्याने मोबाईल घड्याळ बाहेर पत्रपेटीत ठेवून जायचं. जिमी रोज त्याला बर्फ आणि पेपर नेऊन देतो. माझी आई सीझनच्या मध्येच येऊन बसली, तिला इंग्रजी फारसं जमत नाही, मी थांबवून थांबवून सांगायचो, आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, हा मोठा याला कधीच मोठं होऊ देणार नाही बघ. मी तेव्हा काही बोललो नाही. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या एपिसोडला, कोर्टाचा आहे तो, आईने पदर तोंडाला लावला होता.

घरच्यांना बरोबर घ्यायचं असेल तर माझा अनुभव असा की सॉलपासून धरायचं, वयस्कर माणसांना भाऊ, नवरा-बायको, नोकरी, मान-अपमान हे लगेच कळतं, मारामारीही कमी. हो, वर सांगितलेला क्रम इथे मोडतोय, पण आई एकटी बसून ६२ एपिसोड बघणार नव्हती, आणि जे तिला माहीत नव्हतं ते मी सांगत गेलो. बाबांना हेक्टर आवडतो, तो खुर्चीतला म्हातारा जो फक्त घंटी वाजवून बोलतो, त्यामुळे हल्ली आमच्याकडे चहा हवा असला की बाबा टेबलावर चमच्याने टिंग टिंग करतात.

सॉलमध्ये धीर धरायचा म्हणजे काय ते तिसऱ्या सीझनच्या पहिल्या एपिसोडमध्ये कळेल. माइकला संशय येतो की आपल्या गाडीत कुणीतरी ट्रॅकर लावलाय. तो गाडी भंगारवाल्याकडे नेतो आणि सुटी करायला घेतो. सीट काढतो, दारांचे पत्रे काढतो, डॅशबोर्ड काढतो, एक शब्द नाही, नुसती पान्याची खटखट, आणि काहीच सापडत नाही. मग हताश बसलेला असताना त्याची नजर एका पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर जाते. कित्येक मिनिटं नुसता एक म्हातारा गाडी खोलतोय आणि मी श्वास रोखून बघतोय. असं दुसरीकडे कुठे बघायला मिळालेलं नाही मला.

आणि किम. किम वेक्सलरबद्दल जास्त सांगत नाही, री सीहॉर्नने केलंय, ब्रेकिंग बॅडमध्ये ती नाहीच, आणि म्हणूनच सहाही सीझन जीव टांगलेला राहतो की हिचं पुढे काय झालं. पहिल्या एपिसोडमध्ये पार्किंगमध्ये भिंतीला टेकून ती आणि जिमी एकच सिगरेट ओढतात, बोलणं जवळजवळ नाहीच, तो सीन नीट बघून ठेवा. या सिरीजला एमीची ५३ नॉमिनेशन मिळाली आणि पुरस्कार एकही नाही, आणि री सीहॉर्नला तरी द्यायलाच हवा होता हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

दुसऱ्यांदा बघायची वेळ आली की वही काढा. ब्रेकिंग बॅडच्या पहिल्या सीझनमध्ये पेट्रोल पंपावर ब्लूटूथ लावून मोठमोठ्याने बोलणारा एक उद्धट माणूस आहे, केन, ज्याच्या गाडीचं वॉल्टर काय करतो ते बघालच. तोच केन सॉलच्या दुसऱ्या सीझनच्या पहिल्या एपिसोडमध्ये हॉटेलच्या बारमध्ये भेटतो, आणि जिमी-किम त्याच्या पैशाने जी महागडी टकिला पितात तिची बाटली तुम्ही आधी कुठेतरी फार वेगळ्या प्रसंगात बघितलेली असते. सॉलच्या करंगळीतली अंगठी बघा, २००९ पासून त्याच्या हातात आहे, तिची गोष्ट बेटर कॉल सॉलच्या पहिल्या सीझनच्या शेवटाला कळते.

अमेरिकेत कुणी असेल, जायचा योग आला, तर अल्बुकर्की दोन दिवस तरी ठेवा. आतेभाऊ फिनिक्सला असतो, तिथून गाडीने सहा-सात तास, आम्ही दोघं गेलो होतो. सिरीजमधला गस नावाचा माणूस जे चिकनचं हॉटेल चालवतो ते म्हणजे प्रत्यक्षात ट्विस्टर्स नावाचं रेस्टॉरंट आहे, आत बसून खाता येतं. ओल्ड टाउनमध्ये कँडी लेडी नावाचं दुकान आहे, सिरीजच्या सुरुवातीला मेथ म्हणून दाखवायला साखरेचे खडे त्यांनीच दिले, निळ्या खड्यांच्या पुड्या विकत मिळतात. वॉल्टरचं घर लांबूनच बघा, ते कुणाचं तरी खाजगी घर आहे. आणि संध्याकाळी सँडिया डोंगराकडे तोंड करून थांबा, सँडिया म्हणजे स्पॅनिशमध्ये कलिंगड, सूर्य खाली गेला की तो डोंगर खरंच कापलेल्या कलिंगडासारखा लाल-गुलाबी होतो.

सॉलचा शेवटचा एपिसोड तासापेक्षा मोठा आहे. जेवणं आधी उरकून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि ज्याच्याबरोबर सुरू केलं त्याच्याबरोबरच संपवा. आमच्याकडे तो संपला तेव्हा साडेअकरा वाजले होते, आई नावं संपेपर्यंत तशीच बसून होती. मग म्हणाली, ते सुरुवातीचं पार्किंगमधलं परत लाव जरा. मी पहिला सीझन उघडला.